उंबराचं पाणी

आठवीच्या वर्गाला मी वसईच्या पोर्तुगीज राज्याबद्दल शिकवत होते. 'पुष्कळांचं सक्तीने धर्मांतर झालं,' असं मी फळ्यावर लिहिलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "म्हणजे ही फिरंग्यांची पार्टी गं!"

सगळे मनोरीहून येणाऱ्या एका ख्रिस्ती मुलीकडे बघून हसले. ती वर्गात कधीच बोलायची नाही. शाळेत मीही तशीच होते, म्हणून तिचे लाल झालेले कान मला ओळखीचे वाटले. ओरडावं की धडा पुढे न्यावा, ते मला ठरवता येईना.

तीच उभी राहिली. "मिस, आमच्याकडे लग्नाच्या आधी बँड लावून विहिरीवरून पाणी आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. ते काय पोर्तुगीजांनी शिकवलं?"

"अगं, आमच्या लग्नातपण उंबर लागतो!" जिने टोमणा मारला होता, ती कोळीवाड्यातली मुलगीच ओरडली. "फांदी आणतो आम्ही."

"मग फिरंगी कोण गं?" मनोरीच्या मुलीने विचारलं.

"कुणीच नाय यार. सॉरी ना!"

वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी कोळीवाड्यातल्या मुलीवर. फळ्यावरचं वाक्य मी पुसलं नाही, कारण ते खरंच होतं. त्याखाली 'उंबराचं पाणी' असं लिहिलं आणि वहीत उतरवून घ्यायला सांगितलं. पुस्तकात नसलेली ओळ मी पहिल्यांदाच देत होते.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मनोरीची मुलगी मात्र लिहायचं सोडून फळ्याकडे बघत बसली होती.