शिट्टीनंतरचा अंतरा

शेजारच्या कुकरची शिट्टी झाली आणि मी नकळत दुसरा अंतरा गुणगुणू लागलो. आमच्या जुन्या कॅसेटवर तिथे शिट्टीच आहे. मामाकडे भावगीतांची तबकडी लावून, समोर टेपरेकॉर्डर ठेवून आम्ही ती कॅसेट भरली, तेव्हा स्वयंपाकघरातून शिट्टी आली आणि पाठोपाठ आईचा आवाज, "ताई, गॅस बारीक कर गं."

आज पेपरात जाणकारांनी आजवरच्या सर्वश्रेष्ठ अल्बमांची यादी दिली आहे. आमचा त्यात नाही.

"त्यांना गाण्यातलं कळतं," बायको म्हणाली.

कळत असेल. पण त्यांनी तो शिट्टीशिवाय ऐकलाय, म्हणजे अर्धाच. त्यांनी खुशाल नंबर लावावेत. माझ्या पहिल्या नंबरावर आई अजून गॅस बारीक करायला सांगते.