अक्काचा आवाज

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या स्टुडिओत अक्का साड्यांना फॉल लावायची. मालिकेत लग्न किंवा बारसं आलं की दिग्दर्शक तिला शिलाई मशीनवरून उठवून आणायचा, कारण ती तृतीयपंथी होती. अक्का नटून उभी राहायची, आशीर्वादाला हात उचलायची. टाळी मात्र वाजवायची नाही. माझ्याकडे बोट दाखवून दिग्दर्शकाला म्हणायची, "टाळी वाजवावी असं लिहिलंय काय याने?" संवाद मी लिहायचो.

दातात धागा धरून ती हळू, बारीक बोलायची. "केस आपोआप वाढतात रे. आवाज कमवावा लागतो. मला नऊ वर्षं लागली."

एकदा चहा पिताना म्हणाली, "लेखका, आमचं माणूस लग्न-बारशाशिवाय कुठे जातच नाही का? आजारी बिजारी पडलं कुणी तर जात नाही?"

मी तिच्यासाठी एक प्रसंग लिहिला. दवाखान्यात नायिकेच्या आईजवळ बसलेली शेजारीण. वाक्य एकच: "तुम्ही झोपा, मी बसलेय." अक्काने ते असं म्हटलं की लाइटवालेही हातातलं काम सोडून जवळ आले. घाटकोपरला राहणारी तिची आई बारा वर्षं तिच्याशी बोलली नव्हती. अक्काने बहिणीकरवी निरोप पाठवला: आईला मालिका बघायला सांग, मी साधी बाई झालेय.

चॅनेलच्या साहेबांनी प्रसंग पाहिला. "अरे, ही हिजडा आहे हे कळतच नाही. आवाज जाड करा, दोन टाळ्या टाका." डबिंगचा कलाकार आला नाही, एपिसोड त्याच दिवशी द्यायचा होता. मी माइकसमोर उभा राहिलो. ते वाक्य माझ्या घशातून, खर्जात म्हटलं. टाळ्याही मीच वाजवल्या. चित्रात तिचे हात दिसत नव्हते, त्यामुळे काही अडलं नाही.

प्रसंग टीव्हीवर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का माझ्या टेबलाशी आली. भांडेल असं वाटलं होतं.

"आईचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणते, 'आवाज परत इलो मा तुझो? आता केस काप आनि घराक ये.' रडत होती."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. तोंड उघडलं असतं तर तिचा मुलगा परत गेला असता. नुसतं ऐकलं." मग म्हणाली, "तो आवाज कुणाचा, विचारशील? एकदा फोनवर आईशी बोलेल का तो? 'बरा आहे' म्हटलं तरी पुरे. म्हातारी वाट बघतेय."

सांगायची वेळ तीच होती. मी म्हटलं, "शोधतो."

आठवडाभर ती रोज विचारायची. मग विचारेनाशी झाली. पावसाळ्याआधी तिची आई गेली आणि अक्काने काम सोडलं. जाताना नव्या मुलीला मशीन समजावून दिलं. माझ्याकडे आली नाही.

चॅनेलला तो आवाज आवडला होता. असं पात्र आलं की अजूनही मलाच बोलावतात. मी जातो.