तिकोण्यावर आखडलेला हात

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. मी लोणावळ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा माझा मित्र चाळीतही शेजारच्याच खोलीत राहायचा. त्याला दोन लहान मुली होत्या. माझं लग्न व्हायचं होतं. संध्याकाळी मी त्याच्याकडेच जेवायचो. वहिनींनी मला कधी परकं मानलं नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते कुणा लांबच्या माणसाच्या बाबतीत झालं नाही.

मित्राला डोंगरांचा नाद होता. मार्गशीर्षातल्या एका रविवारी तो मला ओढूनच तिकोण्याला घेऊन गेला. सकाळच्या गाडीने कामशेतला उतरलो, बेडशाची खिंड ओलांडून पवन मावळात आलो आणि दहाच्या पुढे पायथ्याच्या तिकोणा पेठेत पोचलो. तिथून किल्ला बघितला तेव्हाच मला परत फिरावंसं वाटलं. दुरून तो नुसता तीनकोनी दिसतो. जवळ गेल्यावर कळतं की वरचा भाग म्हणजे सरळ उभा काळा कातळ आहे, आणि त्यातच पायऱ्या खोदल्यात. एकेक पायरी गुडघ्याएवढी. मी वहाणा पिशवीत टाकल्या आणि हातापायांनी चढलो. मित्राने मात्र नवे बूट घातले होते, गुळगुळीत चामड्याच्या तळव्यांचे. तो पुढे जाऊन वरून हसत म्हणत होता, "खाली बघू नकोस, म्हणजे झालं."

माथ्यावर वारा भणाणत होता. कापणी झालेली भातखाचरं, त्यांच्यामधून वळत गेलेली पवना, पलीकडे तुंगचा किल्ला. वहिनींनी बांधून दिलेल्या दशम्या खाल्ल्या, थोडे आडवे झालो. इथवर सगळं छान होतं.

उतरताना, पायऱ्या संपल्यावर, त्याला कातळाच्या कडेने गेलेली एक पायवाट दिसली. "तिकडे पाण्याचं टाकं असणार. बघून येऊ," तो म्हणाला. वाट जेमतेम एक पाऊल मावेल एवढी. डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला वाळलेल्या गवताचा उतार, आणि तो उतार वीस-पंचवीस हातांवर एकदम तुटलेला. मी म्हणालो, "नको." तो म्हणाला, "दहा पावलं तर आहेत."

सहाव्या की सातव्या पावलाला त्याचा पाय घसरला. आवाजसुद्धा झाला नाही. तो पोटावर आपटला, दोन्ही हातांनी गवत धरलं, गवत उपटून हातात आलं. मी त्याच्या मागे दोनच हातांवर होतो. माझा डावा हात कातळाच्या खाचेत घट्ट होता, उजवा मोकळा. त्याने माझ्याकडे हात केला. बोटं माझ्या बोटांना लागलीसुद्धा.

आणि मी हात मागे घेतला.

ठरवून घेतला नाही. चटका बसल्यावर घेतो तसा घेतला आणि छातीशी धरला. त्याचा चेहरा माझ्याकडे होता, तो तसाच खाली जात राहिला आणि गवतात दिसेनासा झाला. मी तिथेच उभा. ओरडायला हवं हेही सुचलं नाही. मला एवढंच ऐकू येत होतं की माझे दात वाजताहेत.

"हलू नगा, भाऊ. थितंच ऱ्हावा." हा आवाज खालून आला, आणि तो मला उद्देशून नव्हता. उताराच्या पलीकडच्या अंगाला डोंगरातल्या वाडीवरची एक वयस्कर बाई आणि तिची सून गवत कापत होत्या. मित्र कड्याच्या अगदी तोंडाशी एका कारवीच्या झुडपाला अडकला होता. बाईने भारे बांधायचे दोर एकमेकांना गाठले, आडवी चालत माझ्यापाशी आली. अनवाणी, कासोटा घट्ट मारलेला, घरच्या ओट्यावरून चालावं तशी. दोराचं एक टोक तिने कातळाच्या सुळक्याला गुंडाळलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हात का आखडला तुमी?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

माझा उजवा हात अजून छातीशीच होता.

"ऱ्हाऊ द्या. आता ह्यो दोर धरा. ह्यो सोडायचा न्हाई."

"नाही सोडत, मावशी," मी म्हणालो.

सून दुसरं टोक घेऊन बसत-सरकत खाली गेली, त्याच्या काखेखालून दोर बांधला. मग मावशी आणि मी ओढत राहिलो. माझ्या तळहातांची सालं निघाली, ते नंतर कळलं. तो वर आला तेव्हा पांढराफटक पडला होता, घोटा सुजून वर आला होता. मावशीने त्याला पाणी पाजलं, पेठेपर्यंत दोघींनी आधार देऊन उतरवलं. तिथे एका शेतकऱ्याने बैलगाडी जुंपली. दोघी आमच्याकडून काही न घेता परत गवताकडे गेल्या.

गाडीत तो सगळा वेळ डोळे मिटून होता. घरी पोचल्यावर वहिनींना म्हणाला, "हा होता म्हणून वाचलो. हात दिला यानं." वहिनींनी माझे सोललेले तळवे बघितले आणि त्यांना रडू कोसळलं. त्यांनी माझ्या हातांना खोबरेल लावलं. मी लावून घेतलं. आजवर मी इतका गार कधी पडलो नाही, कड्यावरही नाही.

मला वाटलं, पडताना त्याला काही कळलं नसावं. दीड वर्ष मी त्या समजावर जगलो. जेवायला जाणं मात्र हळूहळू कमी केलं; कामाची कारणं सांगायचो. मग त्याची भुसावळला बदली झाली. सामान चढलं, मुली खिडकीशी बसल्या. गाडी सुटायला पाच मिनिटं होती. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "तिकोण्यावर मी तुझा हात धरला नव्हता."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी बघतच होतो की तुझ्याकडे."

"मग घरी तसं का सांगितलंस?"

"घरी काय सांगणार? आणि दोर धरलास ना तू." त्याने खिडकीतल्या मुलींकडे बघितलं. "तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मलाही ठाऊक नाही. पुष्कळ दिवस विचार केला त्याचा."

म्हणजे दीड वर्ष, माझ्या शेजारी जेवत असताना, तो हे जाणून होता. शिट्टी झाली तसा तो माझ्या खांद्यावर थोपटून डब्यात चढला.

पंधरा दिवसांनी त्याचं पत्र आलं. भुसावळचं ऊन, मुलींची नवी शाळा, आणि शेवटी वहिनींचा निरोप: दिवाळीला यावं. मी गेलो.