धाकट्याने नको म्हटलेला टॅबलेट

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला बाजारात सगळे डॉक्टर म्हणत. चोवीस वर्षांपूर्वी त्याने रेडिओपासून सुरुवात केली होती, आणि आता पाण्यात पडलेला, जिन्यावरून घरंगळलेला, कुत्र्याने चावलेला असा कुठलाही फोन त्याच्या टेबलावर आला की बहुतेक वेळा जिवंत होऊनच परत जायचा. सासरी मात्र ही डॉक्टरकी चालत नसे, कारण तिथे साडू होता.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धंदा तोच, वय बारा वर्षांनी कमी, दुकान पलीकडच्याच रस्त्यावर. काचेचं दार, गार हवा, गिऱ्हाइकाला बसायला गुबगुबीत खुर्ची. डॉक्टरच्या दुकानात एकच स्टूल होतं आणि तेही डुगडुगायचं. बरं, साडूने त्याचं काही वाकडं केलं होतं म्हणावं, तर तेही नाही. भेटला की तोंडभर "दादा, दादा" करायचा. तो उद्धट असता तर घरी येऊन त्याला चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. तीही सोय नव्हती.

सासूबाई शिवणकाम करत. चार वर्षांपूर्वी साडूने त्यांच्या टॅबलेटवर गिऱ्हाइकांची मापं ठेवायचं एक अ‍ॅप टाकून दिलं, आणि सासूबाईंनी जुन्या वह्या रद्दीत घातल्या. तेव्हापासून "धाकट्याने काय सोय करून दिली!" हे वाक्य डॉक्टरने इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्या अ‍ॅपचा विषय निघाला की तो उठून पाणी प्यायला जायचा. ते अ‍ॅप त्याने एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

आणि एक दिवस सासूबाईच तो टॅबलेट घेऊन त्याच्या दुकानात आल्या.

"जावईबापू, हा फार रखडतो हो. कंपनीने आपलंच काय काय भरून ठेवलंय त्यात, ते काढूही देत नाही. दुसरं सिम घातलं तर चालत नाही."

"धाकट्याला दाखवलंत?"

"दाखवलं की. तो म्हणाला, आई, याला हात लावण्यात अर्थ नाही."

डॉक्टरला इतका आनंद झाला, की त्याने सासूबाईंना स्वतःची खुर्ची दिली. धाकट्याने हात टेकले! काचेच्या दाराने हात टेकले! हात का टेकले, हे मात्र त्याने विचारलं नाही. सासूबाईंना माहीत नव्हतं, आणि साडूला फोन करून विचारायचं म्हणजे जीव गेला तरी नको.

काम सोपं नव्हतं. टॅबलेट सुरू होताना आत सगळ्यात आधी जो जागा होतो त्याला बूटलोडर म्हणतात. याच्या बूटलोडरला कंपनीने असं कुलूप घातलं होतं, की कंपनीचं सोडून दुसरं काही आत शिरूच नये. ते कुलूप काढायचं, मग रूट करायचं, म्हणजे टॅबलेटचा पूर्ण ताबा आपल्याकडे, आणि मग कंपनीचा कचरा साफ. डॉक्टरने तीन आठवडे इंटरनेट पालथं घातलं, तेव्हा कुठे त्या कुलपाचा कोड मिळाला.

हे काम त्याने मुद्दाम सासूबाईंच्या घरी, कापड बेतायच्या टेबलावर मांडलं. कौतुक जिथल्या तिथे व्हायला हवं होतं. लॅपटॉप जोडला, कोड टाकला. पडद्यावर सूचना आली: सगळा मजकूर पुसला जाईल. हे त्याला ठाऊकच होतं. तो काय नवशिका होता? फोटो, फोन नंबर, सगळं त्याने आधीच उतरवून घेतलं होतं. त्याने बटण दाबलं.

दहा मिनिटांनी टॅबलेट कोरा करकरीत होऊन उठला, "भाषा निवडा" म्हणाला. आणखी तासाभरात रूट झालं, कंपनीचा कचरा गेला, पडदा बोट लावताच पळू लागला. सासूबाईंनी चष्मा लावला.

"माझी मापं कुठायत?"

"सगळे फोटो आहेत, आई."

"फोटो नकोत. मापं. शाळेच्या चाळीस मुलांचे गणवेश आहेत, सोमवारी द्यायचेत. त्या अ‍ॅपात होती."

आता डॉक्टरच्या लक्षात आलं. अ‍ॅपच्या पोटातलं बाहेर काढायला आधी रूट लागतं, आणि या टॅबलेटला रूट करायचं तर आधी सगळं पुसावं लागतं. साडूने नको म्हटलं ते यासाठी. त्याला जमत नव्हतं म्हणून नव्हे.

शेजारी उभं राहून हे बघणाऱ्या बायकोने कोणी न सांगताच बहिणीला फोन लावला. साडू हातातलं काम टाकून आला, टॅबलेट उलटसुलट पाहिला आणि त्याला एका क्षणात सगळं कळलं. डॉक्टरने मान खाली घातली.

"आई, हा जुनाच झाला होता," साडू म्हणाला. "आज ना उद्या हे जाणारच होतं. दादांची काही चूक नाही."

सासूबाईंचा चेहरा जरा निवळला. डॉक्टरने गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. तेवढंही त्याला जमेना.

"खोटं बोलतोय तो," तो म्हणाला. "एक फोन केला असता तर कळलं असतं, आई. केला नाही, कारण तो याला करावा लागला असता."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. मग सासूबाईंनी मानेभोवतीची टेप काढून त्याच्या हातात दिली.

"उद्या सकाळी शाळेत जायचं. चाळीस पोरं आहेत, परत मापायची. मी सांगते तसं तुम्ही मापा. वही याच्याकडे देते, याचं अक्षर चांगलं आहे."

डॉक्टरने टेप खिशात घातली. शरमेने त्याचे कान अजून तापलेले होते. आणि तशातही, वही साडूला मिळाली म्हणून त्याला वाईट वाटलंच.