एक केलेले दोन मारोती

अशा गोष्टींवर मी हसणाऱ्यांपैकी आहे. धम्म घेतल्यापासून आमच्या घरात अंगारे-धुपारे बंद झाले, आणि घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच... त्यामुळे हे लिहावं की नाही, कळत नव्हतं.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. सुट्टीत मला वसमत तालुक्यातल्या एका गावी मतदार यादीचं काम मिळालं. नियम सोपा – घर नंबर, नाव, बापाचं नाव, वय, चारही जुळलं की नोंद दुबार. एक ठेवायची, दुसरी लाल शाईनं खोडायची.

दुपारी चावडीत बसलो असताना 'मारोती ग्यानबा, वय ३०' एकाच घरात दोनदा आलं. मी एक खोडलं. थोड्या वेळानं मारोती स्वतःच आला आणि यादीत डोकावून हसला.

"मास्तर, आमी दोघं हावोत. बापाच्या दोन बायका, आज्ज्याचं नाव सोडायला एक बी तयार न्हाई. मी थोरलीचा. धाकटीचा बाळापूरच्या बाजारात बैल इकायला गेलाय."

एवढं बोलला आणि त्याचं कपाळ उभं फाटलं. माझ्यासमोर – कुणी हात लावला नव्हता. मग डावा हात कोपरातून मोडला. हाडाचा आवाज मी ऐकला. दात रक्तासकट यादीवर पडले. तो जमिनीवर लोळत होता.

"काहून मारून राहिले? सोडा... बैल माझाच हाय..."

बैल तर त्याच्या भावाकडे होता. मला काय सुचलं, सांगता येत नाही... मी पेन उचललं आणि खोडलेलं नाव खाली पुन्हा लिहिलं. त्यानंतर त्याच्या अंगावर एकही नवी जखम उमटली नाही. तो वाचला.

संध्याकाळी बातमी आली. त्याच दुपारी बाळापूरच्या बाजारात बैलचोर समजून लोकांनी धाकट्याला काठ्यांनी मारलं होतं. कपाळ, डावा हात, दात – तेच सगळं. त्याच्यासोबत गेलेला शेजारी सांगत होता, एवढा मार खाऊनही तो पुन्हा पुन्हा उठत होता. मग एकाएकी एका काठीतच गेला.

मी ते नाव लिहिलं नसतं तर दोघं जगले असते, की दोघं गेले असते?