सात्यांचं वारूळ

सावनेरच्या वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आमचं वारूळ होतं. होतं म्हणतो, कारण माझ्या पोरानं ते मारलं. नागपंचमीले सुनेनं तिथंच दूध-लाह्या वाहिल्या, हात जोडले. पुढच्याच आठवड्यात नव्या खोलीची चौकट उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ली म्हणून फवारणीवाला बोलावला. त्यानं वारुळाच्या तोंडात नळी घालून औषध ओतलं. पुजलं तेच मारलं! अन् मले म्हणतात, तुम्ही अडाणी.

सात्या, म्हणजे वारुळावर उगवणारी पांढरी छत्री, दाखवीन असं मी नातीले कबूल केलं होतं. पोरगी शिकायले प्रताप नगरले राहते, तिथून मुद्दाम त्यासाठी आली. पाहते तर नुसती माती.

"आबा, काहून नाही आल्या?"

"तुह्या बापाले विचार."

पोरगा म्हणाला, "चिडता काहून बाबा? बियाणं भेटते विकत. टाकू."

"हे तुह्या बापानंही कधी पेरलं नाही गा!"

मग नातीले समोर बसवलं अन् त्यालेही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "छत्री म्हणजे झाड नव्हे वं, फळ. झाड जमिनीत, पांढऱ्या सुतासारखं. ते सूत उधई पोसते. काडी-पाला खाऊन आत जाळीदार गोळे बांधते, त्यावर सूत वाढते, तेच ती खाते. पाऊस मुरला की सूत वर कोंब काढते. छत्री उघडली की खालच्या पाकळ्यांतून बारीक धूळ पडते. तेच बी. उधईच्या घरात पोचलं तर रुजते."

"म्हणजे उधई शेतकरी आहे?"

"तुह्या बापाहून बरी."

नाल्याकडे दुसरं वारूळ होतं. तिथं मात्र पाच-सहा सात्या उभ्या. पोरीनं एकीखाली तळहात धरून टिचकी मारली. हातावर गुलाबीसर भुकटी पडली. ती ओरडली, "आबा, बी!"

तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "फवारणीवाला उद्या हेही करणार आहे."

माझं डोकं फिरलं. खाट उचलून आणली, वारुळाले टेकवून टाकली अन् बसलो. पोरगा म्हणाला, "पाऊस येऊन राहिला बाबा, घरात चला."

"औषध ओतायचं असल तर आधी माझ्यावर ओत."

पाऊस आला. मी हाललो नाही. नात पावसाची छत्री उघडून शेजारी येऊन बसली. शेवटी पोरानं फोन काढला, आमच्याकडे पाठ करून फवारणीवाल्याले येऊ नको म्हणाला. नातीनं मुठीत जपलेली भुकटी वारुळावर झटकली. मी मात्र पोराशी दोन दिवस बोललो नाही.