घंगाळ वाजलं, पण दाराला कुलूप होतं

प्रवरेकाठी, संगमनेरच्या अलीकडे एक वस्ती होती. तिथं गहिनीनाथ नावाचा एक गडी राहायचा. कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, पण संशयाचं मोठं वेड. दुधात पाणी निघालं तर गवळ्यावर संशय, आणि नाही निघालं तर जास्तच संशय, की आज हा चांगला का वागला? कुणी हसून रामराम घातला तर घरी येऊन बायकोला विचारायचा, "त्याला काय पाहिजे असंल गं?" बायको चांगुणा म्हणायची, "रामराम पाहिजे असंल."

एकाहत्तर सालचा उन्हाळा. गहिनीनाथाची आई आक्काबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली. डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली, आणि होती त्याहून धारदार झाली. नवराबायकोला शेतावर गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हातारीला एकटं ठेवायचं, तर दार उघडं टाकून जाईल तो गहिनीनाथ कसला? आत पेटी होती, दाण्याची कणगी होती. त्यानं मुठीएवढं कुलूप आणलं, म्हातारीला आत ठेवून दाराला लावलं आणि किल्ली कमरेच्या करदोड्याला गाठ मारून बांधली. अंघोळीलासुद्धा सोडायचा नाही.

खरं तर शेजारी भिंतीला भिंत लागून लंकाबाई राहायची, त्याच्या थोरल्या चुलतभावाची बायको. दिवसभर घरीच असायची. पण वाटणीत आजीचं तांब्याचं घंगाळ गहिनीनाथाकडं आलं होतं आणि लंकाबाईच्या मते ते तिच्या नवऱ्याला मिळायला हवं होतं. तेव्हापासून दोन घरांत बोलणं कामापुरतंच. तिला किल्ली देणं म्हणजे घंगाळ उचलून तिच्या चुलीवर ठेवणं, असा त्याचा हिशेब.

त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या वस्तीवर एक छप्पर जळालं. माणसं वाचली, पण गहिनीनाथाची झोप उडाली. त्याच्याही घरावर उसाच्या पाचटाचंच छप्पर, चुलीशेजारी सरपण, आणि आत कुलूपबंद आई. त्यानं मागं काही महिने नगरला नागापूरच्या एका कारखान्यात रोजंदारी केली होती. तिथं आग लागली की वाजवायची घंटा भिंतीवर टांगलेली असे. गहिनीनाथाला तिच्यात एकच खोट दिसली होती: ती वाजवायला माणूस लागतो, आणि माणसाचा काय भरवसा? आपल्या घरची घंटा आपली आपण वाजली पाहिजे.

मग त्यानं काय केलं? चुलीमागं खिळा ठोकला. तिथून सरपणाच्या ढिगावरून एक दोरा नेला, वर आढ्याला घातला आणि वळचणीतून बाहेर काढला. बाहेरच्या टोकाला नांगराचा जुना फाळ टांगला आणि फाळाखाली दगडावर पालथं घातलं तेच घंगाळ. आग लागली की दोरा जळणार, फाळ पडणार, घंगाळ दणाणणार. लंकाबाईच्या डोळ्यांदेखत ते घंगाळ उन्हात पालथं पडलेलं असायचं. ती ते बघायची, आणि गहिनीनाथ तिला बघताना बघायचा.

दोरा निवडायलाच त्याला कितीतरी दिवस लागले. आधी सुतळी लावली, पण निखारा लावून बघितला तर ती नुसती धुमसत राहायची, तुटायचं नाव नाही. शिवणाचा दोरा लावला तर फाळाच्या वजनानं आपोआप तुटला. सूत रॉकेलमध्ये बुडवून बघितलं, तेव्हा आक्काबाई खाटेवरून म्हणाली, "आगीची खबर देतुयास का आग लावतुयास?" शेवटी कच्च्या सुताचा तिहेरी पीळ जमला. पण तोही नुसता बांधून भागेना. धुरानं, फोडणीच्या वाफेनं तो काळा चिकट होई, ताठर होई. दर अमावास्येला बदलावा लागे. उंदीर कुरतडत म्हणून वरच्या भागाला त्यानं कडुनिंबाचं तेल चोळलं. तरी चारदोनदा घंगाळ उगीचच वाजलं. एकदा मांजरानं उडी मारली, एकदा उंदरानं तेलाला न जुमानता दोरा खाल्ला. गहिनीनाथाला मात्र दर वेळी तुटलेल्या टोकावर लंकाबाईची नखं दिसायची. टोक बोटांत धरून तो चांगुणाला विचारायचा, हे खाल्लेलं वाटतंय का तोडलेलं? ती म्हणायची, उंदराला विचारा.

एका दुपारी नवराबायको ओढ्यापलीकडं बाजरी खुरपत होते. घंगाळ वाजलं. गहिनीनाथानं मान वर केली आणि परत खाली घातली. उंदीर असंल, नाहीतर ती. पण मन राहीना. उभा राहून कपाळावर हात धरून बघतो तर लंकाबाई त्याच्या छपरावर! साडीचा काचा मारलेला, आणि दोन्ही हातांनी पाचट उपसून खाली फेकत होती.

"घर फोडती!" एवढंच तो ओरडला आणि खुरपं हातात घेऊन सुटला. ओढ्यात पडला, उठला. वर येऊन बघतो तर बाई छपरावर नव्हती. पडलेल्या भोकातून धूर मात्र बाहेर येत होता. मागून चांगुणा विळा घेऊन पळत आली.

दाराच्या फटीतून खोकल्याचे दोन आवाज येत होते. लंकाबाईनं कुलूप दगडानं ठेचून बघितलं होतं, ते हललं नव्हतं. म्हणून ती छप्पर फाडून आत उतरली होती. रांजणातलं पाणी पेटलेल्या सरपणावर ओतलं होतं आणि म्हातारीला ओढत दारापर्यंत आणलं होतं. आता दार बंद, आत धूर कोंडलेला, आणि दोघी उंबऱ्याशी तोंड लावून पडलेल्या.

गहिनीनाथ करदोड्याची गाठ सोडायला गेला. घामानं, पाण्यानं ती अशी आवळली होती की सुटेना. वाकून दात लावावे तर तोंड पोचेना. आत म्हातारीचा खोकला थांबला. चांगुणानं त्याचा हात बाजूला सारला आणि विळ्यानं करदोडा कापून किल्ली घेतली.

आक्काबाई वाचली. पाणी पाजल्यावर, वारा घातल्यावर बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि मुलाकडं बघून म्हणाली, "तुझं घंगाळ ब्येस वाजलं. पर ज्यानं ऐकलं त्यानं यावं कुटून?"

संध्याकाळी गहिनीनाथानं दुसरी किल्ली पेटीतून काढली आणि लंकाबाईच्या ओट्यावर नेऊन ठेवली. हातात दिली नाही.

आता एवढ्यानं संशय गेला असता, तर तो गहिनीनाथ कसला? पुढच्याच बाजाराच्या दिवशी त्यानं नेहमीसारखं कुलूप लावलं, निघाल्यासारखं केलं आणि कडब्याच्या गंजीआड बसला. मग हळूच वळचणीशी जाऊन फाळाचा दोरा सोडला आणि परत गंजीआड झाला. फाळ पडला, घंगाळ दणाणलं. लंकाबाई पिठानं माखलेल्या हातानं बाहेर आली, कुलूप काढलं आणि आत शिरली. हा मागोमाग दाराशी. पेटी डाव्या हाताला होती, कणगी उजव्या हाताला. ती दोन्हींच्या मधून सरळ खाटेपाशी गेली आणि म्हातारीच्या काखेत हात घातला.

मग तिला धूर कुठंच दिसेना, आणि दारात हा दिसला. तिनं आक्काबाईला पुन्हा नीट निजवलं, उशी सरकवली, आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"भावजी, पारख झाली का?"

"व्हय."

"मंग ही किल्ली ठिवा तुमच्याकडं. कुलूप उघडंस्तोवर म्हातारीचा जीव जाईल. कडी लावून जात जा. मी हाय हितं."

बाजाराला जाताना गहिनीनाथ दाराची कडी लावून थोडा वेळ उभा राहिला. कुलूप हातात तसंच. मग ते त्यानं पिशवीत टाकलं. दोरा बदलणं, पीळ तपासणं मात्र त्यानं पुढं आयुष्यभर सोडलं नाही.

त्या रात्री जेवताना तो चांगुणाला म्हणाला, "पेटीकडं बघितलं बी न्हाई तिनं. मला वाटतंय, मी बघतुय हे तिला ठावं असणार."

चांगुणा भाकरी वाढत म्हणाली, "मंग रोज बसा गंजीआड. आत्याबाईंना तेवढीच सोबत."